एका माणसाची शिशी

—न्हाई न्हाई बाई, तुमी सरकू नका. बाकडं लांब हाय, म्या ह्या टोकाला बसते. घोंगडीचा वास येत असंल तर तसं सांगा, म्या खाली पायरीवर जाते, मला काय, आमी भुईवरचीच माणसं — पर पायरीवर सावली हाय अन् मला ऊन पायजे. व्हय, दुपार हाय. व्हय, घोंगडी हाय अंगावर. तुमी बगायलाव, कळतंय मला. आमा धनगराचं असंच असतंय, ऊन असो का थंडी, घोंगडी काय खांद्यावरून उतरत न्हाई. तुमी वालूरच्या न्हवं? म्या दमणीवरून वळखलं. ती लिंबाखाली सोडलेली, बैलाच्या शिंगाला निळा रंग लावलेली — दिनकररावाची दमणी. अन् तुमी नर्मदाबाई. बगा! कसं ठावं म्हणताव? दोन वर्साखाली तुमच्या वढ्याकडच्या वावरात आमची मेंढरं बसली व्हती, बारा दिवस. त्या साली ज्वारी कशी आली व्हती तुमची? माणूस आत शिरला तर दिसत नव्हता — मंग! समदी लेंडीची करामत. म्या म्हाळसाबाई. तुमाला याद नसंल, नसू द्या. मेंढरं याद ऱ्हातेत लोकाला, माणसं कोण ध्यानात ठेवतंय. पर जरा हळू बोला हं, माझं नाव मोठ्यानं घेऊ नका. हितं आज म्या म्हाळसाबाई न्हाई. सांगते, सांगते, जरा दम खाऊ द्या.

तुमचे मालक आत गेलेत न्हवं? खुर्चीवर बसलेत, डाक्टरसाबासंगं चहा चाललाय, खिडकीतून दिसायलंय. बसू द्या. म्या दिस उगवायच्या आधी निघाले, चार कोस चालले, हितं आले तवा दवाखान्याला कुलूप व्हतं. मंग चपराशी आला, त्यानं झाडून काढलं, नावं लिवून घेतली, मंग कंपोंडर आला, मंग डाक्टरसाब, मंग तुमी. तुमी आत्ता आलाव पर तुमचंच आधी व्हणार — न्हाई हो, म्या कुठं भांडायले? भांडायला अंगात जीव पायजे. ती खांबापाशी बसलीय, तोंडावर पदर घेऊन, ती तर कालपासून बसायलीय म्हणती, परत जायाचं अन् परत यायाचं तिच्यानं व्हईना म्हणून हितंच ऱ्हायली. बरं, तुमच्याकडं कोणाचं दुखतंय? सासूबाईचं? गुडघं. हां, गुडघं लय वाईट. अन् सासूबाई कुठं हायती, दमणीत? — घरी! म्हंजी सासूबाई घरी, अन् अवशीद तुमी नेणार. देतेत तसं? ... देतेत. दर महिन्याला देतेत. बरं हाय की. न्हाई, मला काय वाईट वाटायचंय, इचारलं आपलं. चांगलं हाय. म्हाताऱ्या माणसाला कामून दमणीत हादरवावं?

आमाला न्हाई देत. तुमी मनाला लावून घेऊ नका, तुमचं काय चुकलं त्यात. त्या खिडकीत बसतो ना, चष्मा लावून, त्यो दत्तराव कंपोंडर. डाक्टरसाब नुसतं बगतेत, शिशी भरून देणारा त्यो. त्यो आमाला दोन गोष्टी इचारतो. पयली — गाव कोणतं? आता काय सांगावं माणसानं? माझा जलम गंगाथडीला बाभळीखाली झाला, लगीन सेलूच्या अलीकडं माळावर लागलं, नवरा जिंतूरच्या डोंगरात गेला, तितंच त्याला माती दिली. कंचं गाव लिवायचं? निजाम व्हता तवा बी हेच, गाव कोणतं. निजाम गेला, म्हणले आता आपलं राज आलं — मला खरंच वाटलं बगा, आता कोणी इचारणार न्हाई. मंग म्हणले आता आपण मुंबईत. मुंबईत म्हंजी? म्या माझ्या पोराला, मुंजाजीला इचारलं, आरं आपल्याला मेंढरं घेऊन तिकडं जावं लागतंय का काय? त्यो हासला. म्हणला, आई, आपण हितंच, राज्य मुंबईचं. बरं बाबा. राज्य कोणाचं बी असू द्या, माळावर बसलेल्या माणसाचं गाव काय बदलत न्हाई — कारण ते नसतंयच.

अन् त्या फवाऱ्याचंच बगा की. तुमच्या घरी आलते न्हवं, खाकी चड्डीवाले, पाठीवर टाकी घेऊन? डासाचं अवशीद, हिवताप येऊ नये म्हणून. घराघरात शिरले, भितीवर मारलं, दारावर तारीख लिवून गेले. आमी बांधावर बसून बगायलो. त्यातला एक जण, भला माणूस व्हता, त्यो आमच्या पालापाशी आला. इकडं बगितलं, तिकडं बगितलं, अन् म्हणला, बाई, मारू कशावर? भित कुठंय? म्या म्हणलं, बाबा, बाभळीवर मार, तट्टाच्या पाठीवर मार, माझ्यावर मार. त्यो बी हासला अन् म्या बी हासले. गेला. त्याचा तरी काय गुन्हा, त्याला भितीवर मारायचा हुकूम. तुमच्या गावातले डास मंग कुठं गेले? आले की आमच्याकडं समदे.

काय म्हणता? दुसरी गोष्ट कंची? हां — दुसरी. रोगी कुठंय? रोगी समक्ष पायजे. रोग्याला समोर उभा कर, मंगच शिशी. आता माझी सून, कासाबाई, पेडगावच्या शिवारात पडलीय, एका वावरात पाल हाय आमचं. आज पाचवा दिस. दिसाआड हिव भरतंय, असं भरतंय की चार घोंगड्या टाकल्या तरी भुईवर थाडथाड उडती, मंग ताप, मंग घाम, मंग दुसऱ्या दिशी उठून भाकरी थापती येडी, म्हणती आत्या, मी बरी हाय. बरी कशाची. डोळे पिवळे झालेत. अन् सातवा महिना लागलाय तिला. आता सांगा, सातव्या महिन्याची बाई तट्टावर बांधून चार कोस आणू? पोटातलं वाटंतच पडंल. म्या चालत येऊ शकते, ती येऊ शकत न्हाई, म्हणून तर म्या आले — पर दत्तराव म्हणतो, जो येऊ शकत न्हाई त्यानंच यायाचं. ह्याला काय म्हणावं, तुमीच सांगा. अन् मुदत बी न्हाई हो. आज वावराचा शेवटचा दिस. वावराच्या मालकाला पेरायचंय, उद्या दिस उगवला की मेंढरं हालवायची. मुंजाजी कळपाला सोडून इकडं यील तर मेंढरं कोणाच्या तरी हरभऱ्यात घुसतेत अन् मंग लाठ्या निघतेत. उद्या सुनंला हालवायचीच हाय, पर तिच्या पोटात अवशीद पडलं असंल तर हालंल, न्हाई तर — न्हाई, पडंल. अवशीद पडंल. दिस बुडायच्या आत म्या पालावर जाते अन् तिला पयला घोट पाजते.

ही दुसरी गोष्ट त्यो पयलं इचारत नव्हता बरं का. खरं सांगायचं तर. गेल्या वर्सी इचारलं नव्हतं त्यानं. गेल्या वर्सी म्या ह्याच बाकड्यावर — न्हाई, बाकड्यावर न्हाई, पायरीवर — बसले व्हते, अन् दत्तरावाच्या पाया पडले, तवा त्यानं रोगी न बगता शिशी दिली. चांगला माणूस हाय त्यो, तुमाला वाटत असंल म्या त्याला शिव्या द्यायले, तसं न्हाई. त्यानं दिली. मंग आमच्यामुळंच त्यानं ही रीत बसवली. आमच्यामुळं म्हंजी — जाऊ द्या ते. तुमाला काय करायचंय. ... ऊन सरकलं का हो जरा? म्या थोडी इकडं येते. बसा बसा, तुमाला लागत न्हाई म्या.

तुमाला मेंढरं ठावं न्हाईत, न्हवं? खाताव, पर ठावं न्हाईत. मेंढरात एक मेंढी खोकली, एकीच्या नाकातून पाणी आलं, की आमी एकीला अवशीद पाजत न्हाई. समद्या कळपाला पाजतो. माझ्या सासऱ्यानं शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. कामून? तर आज एकीला झालं ते उद्या धाकटीला, परवा समद्याला. म्हणून काढा करायचा, बांबूचं नळकांडं घ्यायचं, एकेकीचं तोंड वर धरायचं अन् समद्याला सारखं सारखं पाजायचं. अन् आजारी मेंढीला शेवटी. तिचं तोंड लागलेलं नळकांडं दुसरीला लावायचं नसतंय, म्हणून शेवटी. तगडी आधी, आजारी शेवटी, अन् कमी पडलं तर तिलाच कमी. अशानं कळप वाचतो. एवढी साठ वर्सं झाली मला, असंच केलं अन् कळप वाचला. मला कोणी दुसरं कवा सांगितलं? कोणीच न्हाई.

माझी नात व्हती. बायना. सात वर्साची. ह्याच कासाबाईची पयली पोर, मुंजाजीची. लय बोलायची, माझ्यासारखी — तिला कोकरं कळायची, कोणतं कोकरू कोणत्या आईचं ते अंधारात बी सांगायची. तिला ताप आला. म्या चालत आले, दत्तरावाच्या पाया पडले, शिशी घेतली. तांबडं पाणी, अन् शिशीला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवलेली, तिला कात्रीनं दात पाडलेले, सहा दात. दत्तराव म्हणला, सकाळ-संध्याकाळ, खूण बगून. म्या म्हणलं व्हय. घाईत व्हते, लेकरू तिकडं तापलेलं, म्या धावतच गेले. अन् पालावर जाऊन म्या काय केलं — तुमी सांगा म्या काय केलं असंल? म्या नळकांडं काढलं. नऊ माणसं व्हतो, धाकट्या दिराचं बिऱ्हाड धरून. वळीनं बसवले. पयल्यांदा मुंजाजीला, त्यो पडला तर कळप कोणी हाकावा? मंग दिराला, सटवाजीला. मंग त्याची पोरं, मंग जाऊ, मंग कासाबाई, मंग म्या. मोजून सारखं, कोणाला थेंब जास्ती न्हाई. समद्यांनी तोंडं वाकडी केली, लय कडू व्हतं, सटवाजी तर थुकायला लागला, म्या त्याच्या पाठीत धपाटा घातला, म्हणलं सरकारचं अवशीद हाय, गिळ. अन् बायनाला शेवटी. तिच्यापर्यंत येऊस्तर शिशी रिकामी. तळाला लाल लाल उरलं व्हतं जरासं. म्या त्यात पाणी घातलं, खळखळून विसळलं अन् ते पाजलं.

ती काय म्हणली ठावं हाय? म्हणली, आजी, कडू न्हाई की. मला लय कौतुक वाटलं. म्या समद्याला सांगितलं, बगा, माझी बाय बगा, एवढे मोठे घोडे तुमी तोंडं वाकडी करताव अन् माझ्या बायनानं हूं की चूं केलं न्हाई. तिला उचलून घेतलं म्या. चौथ्या दिशी गेली.

... न्हाई. रडत न्हाई म्या. डोळ्याला ऊन लागायलंय. मला तवा काय ठावं न्हाई हो, म्या म्हणलं तिचं तेवढंच व्हतं, देवीनं नेलं. मंग महिन्यानं इकडून जाताना म्या शिशी परत द्यायला आले, धुवून, चुलीची राख लावून घासून आणली व्हती, म्हणलं सरकारची वस्तू हाय. दत्तरावानं इचारलं, पोरगी बरी झाली का? म्या म्हणलं गेली. त्यो म्हणला, सहाच्या सहा येळा पाजलं व्हतं? म्या म्हणलं, व्हय की, समद्याला पाजलं, कोणाला सोडलं न्हाई. म्या फुशारकीनं सांगायले बगा! दत्तरावानं शिशी खाली ठेवली. मंग म्हणला, म्हातारे, ती एका माणसाची शिशी व्हती. एकाच माणसाची. तीन दिस एकाच माणसानं प्यायाची व्हती. हळूच म्हणला, वरडला न्हाई. वरडला असता तर बरं झालं असतं. मंग त्यानं आत जाऊन डाक्टरसाबाला सांगितलं, अन् डाक्टरसाब बाहेर येऊन म्हणले, ह्या लोकाच्या हातात अवशीद द्यायाचं न्हाई आता, वाटून खातेत, रोगी समोर असंल तरच. तवापासून ही रीत. नुसती मला न्हाई, समद्या पालावरच्या लोकाला. वडाराला, कैकाड्याला बी. माझ्या एकटीमुळं. ती खांबापाशी बसलेली, ती बी पालावरची हाय. तिला ठावं न्हाई म्या कोण.

पालावर बी कोणाला ठावं न्हाई. मुंजाजीला न्हाई, कासाबाईला न्हाई. कासाबाई अजून म्हणती, माझ्या आत्यानं बायनासाठी चार कोस धाव घेतली, अशी सासू कोणाला मिळत न्हाई. चार बायकात सांगती. म्या मान खाली घालून लोकर कातते. काय करू? सांगू? सांगून तिची पोर परत यील? न्हाई सांगितलं. अन् आज तुमाला कामून सांगायले, वळख न पाळख — माय, माझी जीभ आज सैल झालीय. तुमी काय इसरून जाल. तुमच्याकडं इसरायला लय गोष्टी असतेत.

अगं माय! हात कामून लावलाव? चटका बसला ना? म्या म्हणलं नव्हतं का, तिकडं बसते म्हणून. व्हय, ताप हाय. हाय, मला बी हाय. उनानं न्हाई, तापानंच. ते दात वाजायलेत ते त्याच्यानंच, तुमाला मघापासून ऐकू यायलंय, म्या आपली बोलून झाकायले. तोंड असं करू नका बाई — लय बरं झालं, तुमाला सांगते. सकाळी निघाले तवा मला एकच फिकीर व्हती. म्या ठरवलं व्हतं की म्याच रोगी म्हणून बसायचं. घोंगडी डोक्यावरून घ्यायाची, तोंड झाकायचं, चपराशाला नाव सांगायचं कासाबाई, गाव पेडगाव. अवशीद ज्याच्या नावानं लिवलं त्यालाच लागू पडतंय म्हणतेत, म्हणून तिचंच नाव सांगितलं. चपराशी नवा हाय, लिवून घेतलं त्यानं. पर ती काचेची कांडी! दत्तराव काखेत कांडी घालून ताप बगतो. त्यानं बगितलं अन् ताप न्हाई निघाला तर? समदं खोटं उघडं पडंल, अन् मंग माझ्या सुनंला काय? हेच डोक्यात घेऊन चालायले, अन् वढ्यापाशी आले तवा — पाठीतून गारगार पाणी सोडल्यावानी झालं, अन् दात वाजाया लागले. म्या तितंच दगडावर बसले अन् हात जोडले. म्हणलं, देवा खंडोबा, एवढी सोय तू केलीस. आता काय खोटं बोलायची गरज न्हाई. रोगी समक्ष हाय.

मला? माझं काय? माझ्यासाठी शिशी कशाला? दोन मागितल्या तर त्यो म्हणंल दुसरा रोगी कुठंय, अन् मंग घोंगडी काढ म्हणंल, अन् तोंड बगितलं की वळखील. मिळणारी बी जाईल. न्हाई बाई. अन् त्यातली निम्मी म्या प्यायाची अन् निम्मी तिनं, हे तर तुमी मला सांगूच नका. ते म्या एकदा करून बगितलं. एका माणसाची शिशी हाय ती. सहा खुणा, सहा येळा, तिचं तिलाच. म्या नळकांडं बी काढणार न्हाई, ते म्या मोडून चुलीत घातलं मागंच. शिशीनंच तोंडाला लावीन. अन् ती तोंड वाकडं करंल — करू दे, लय करू दे, थुकायला लागली तर म्या धपाटा घालीन. कडू लागाया पायजे तिला. सहाच्या सहा येळा कडू लागाया पायजे.

न्हाई न्हाई न्हाई! बसा! उठू नका, पाया पडते तुमच्या. मालकाला कशाला सांगताव? तुमचं मन चांगलं हाय, कळतंय मला, तुमाला वाटतंय दिनकरराव डाक्टरसाबाला म्हणतील, बिचारीला दोन शिश्या द्या — पर डाक्टरसाब म्हणतील कोण बिचारी? बोलवा तिला. दत्तराव चष्मा काढून बगंल. तुमी माझं भलं कराया जाल अन् कासाबाईची शिशी जाईल. तुमच्या तोंडानं सांगितलेलं त्यास्नी ऐकू जातंय, तेच तर वाईट हाय. माझं कोणी ऐकत न्हाई म्हणून म्या वाचले आजवर. तुमी इतकंच करा — इचारलंच कोणी, तर म्हणा ह्या बाईला म्या वळखत न्हाई. खोटं बी न्हाई ते. दोन वर्साखाली बारा दिस तुमच्या वावरात व्हते म्या, तुमी आज पयल्यांदा बगितलं मला. बसा. बसलाव? हां. देव तुमचं भलं करो.

ते बगा, मालक आलेच. हासत आलेत, काम झालं वाटतं. हातात काय हाय ते, दोन शिश्या? एक लावायची, एक प्यायाची. व्हय, गुडघ्याला वरून बी लागतंय अन् आतून बी. सासूबाईला म्हणावं, पालावरची म्हातारी इचारत व्हती. न्हाई, नको, कायच म्हणू नका. जा तुमी, गडी बैल जुपायलाय, मालक वाट बगायलेत. पदराला माझ्या घोंगडीची लोकर लागलीय बगा तुमच्या, झाडून टाका. अन् हात धुवा घरी गेल्यावर.

पुकारलं. ऐकलाव ना? काय म्हणला — कासाबाई, पेडगाव. व्हय. म्याच. म्याच कासाबाई, आले, साब, आले — बाई, हात सोडा माझा. उठता येतंय मला. थांबा, जरा... थांबा, बाकडं धरू द्या. न्हाई, धरू नका तुमी, त्यो बगायलाय खिडकीतून. बरं हाय की, पाय लटपटायलेत ते. बगू द्या त्याला. आता तुमी जा, अन् म्या बी गप बसते. आजारी माणूस एवढं बोलत नसतंय.